पिवळ्या फ्रॉकची दुमड

१

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझा विश्वास टेपवर. वीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतेय, हजारो पोरं या टेपखालून गेली. माणसं थापा मारतात, आरसा गोड बोलतो, टेप मात्र तोंडावर खरं सांगते. म्हणून जे झालं ते मी मापांनीच सांगणार आहे. पटलं तर बघा.

मला दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. थोरलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी म्हणून राहत नाही. माप घ्यायला टेप लावली की स्वतःभोवती गरकन फिरणार, फ्रॉकचा घेर फुलणार, टेप पोटाला गुंडाळली जाणार आणि बाईसाहेब खिदळत बसणार. दर रविवारी सकाळी हा तमाशा. धाकटी बिट्टी. ती शहाण्यासारखी हात पसरून उभी राहते आणि वर मलाच विचारते, "वाढले का गं मी?" दोघींची मापं मी जन्मापासून एका वहीत लिहिते, प्रत्येकीचं पान वेगळं.

नवरा दोन वर्षांपासून परदेशात. छापखान्यांत यंत्रं बसवायचं त्याचं काम. फोनवर पोरींची तोंडं बघून बघून वैतागला होता. "यंदा उन्हाळाभर इकडेच या. तीन महिने राहा. पोरी मला काका म्हणायला लागायच्या आत या," म्हणाला. पोरींच्या शाळेकडून जादा महिन्याची रजा घेतली, दुकान बहिणीच्या गळ्यात मारलं.

निघायच्या आधी दोघींना एकसारखे पिवळे फ्रॉक शिवले. भिंगरीच्या फ्रॉकला खाली तीन बोटं दुमड ठेवली. वाढतं अंग, आखूड झाला की एकेक बोट सोडता येतं. तिची दुमड मी घातली, आणि बिट्टीच्या फ्रॉकची दुमड भिंगरीने हट्टाने स्वतः घातली. पोरगी डावखुरी. तिला शिकवायला शेजारी बसून भागत नाही, समोर बसावं लागतं, म्हणजे माझा उजवा हात बघून तिचा डावा चालतो. माझे टाके एका बाजूला कलतात, तिचे बरोबर उलट बाजूला. शिवाय दर चौथा टाका लांब, कारण तेवढ्यात तिचं लक्ष उडतं.

"तुझे टाके मी कुठेही ओळखीन गं बाई," मी म्हटलं होतं.

२

नवऱ्याचं तिकडचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेर एक खोली, आत एक, मध्ये अंधारा बोळ. आतली खोली पोरींची. दोन पलंग, राखाडी पडदे आणि भिंतीत बसवलेलं एक अरुंद कपाट. त्याचं दार उचलून धरल्याशिवाय लागायचं नाही. तिकडे उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही म्हणा ना. जेवणं झाली, भांडी झाली, पोरी पांघरुणात शिरल्या, तरी खोलीत दुपारसारखा उजेड. त्या उजेडात झोपलेली पोरं बघवत नाहीत, का कोण जाणे.

तळमजल्यावर इमारतीची केअरटेकर बाई राहायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात कापडी सपाता. पहिल्याच दिवशी वर आली आणि नवऱ्याला काहीतरी सांगून गेली.

"काय म्हणते?"

"कपाटात एक कोट आहे, तो तिथेच राहू द्या म्हणते. आधीच्या कुणाचा तरी असेल."

उन्हाळा नुसता नावाला. बाहेर वारा असा की कान गळून पडावेत. मी आणलेले स्वेटर म्हणजे हवा खेळायला केलेले. चौथ्या दिवशी भिंगरी खोकायला लागली आणि मी सरळ कपाट उघडलं. चांगला कपडा खुंटीला कुजतोय आणि माझी पोर कुडकुडतेय, हे मला सहन होत नाही. आधीच्यांचा असला म्हणून काय झालं?

तपकिरी लोकरीचा कोट, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा. हातात कपडा आला की मी आधी तो उलटा करते. शिवणीच्या आत आम्ही जादा कापड राखतो, त्याला माया म्हणतात, पोर वाढलं की ती सोडायची. या कोटाची माया तीनदा सोडलेली होती, तीन वेगवेगळ्या दोऱ्यांनी. टाके कच्च्या हाताचे, लहान पोराने घातल्यासारखे. आत आता काही उरलं नव्हतं, शिवण अगदी कापडाच्या काठावर आली होती. आणि एक गोष्ट होती. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली कापलेला. ज्या मुलीसाठी शिवला तिचा खांदाच तसा असणार. काम मात्र उत्तम होतं, शिवणाऱ्याला मानलं मी.

भिंगरीला बाह्या दीड इंच लांब होत होत्या आणि डावा खांदा लोंबत होता. बिट्टी बूट घालून दारात उभी, नवरा खालून हाका मारतोय. मी भिंगरीच्या अंगावरच बाह्या दुमडून टाके घातले आणि डाव्या खांद्यात चिंधीची छोटी गादी शिवून टाकली. मला शिवण शिकवणाऱ्या मास्तरांनी एक गोष्ट बजावली होती, अंगावर असलेल्या कपड्याला टाका घालायचा नाही, आधी कपडा उतरवायचा. मी आजवर कधी मोडली नव्हती. त्या दिवशी घाई होती.

"फिरू नकोस, सुई टोचेल," मी दातांत दोरा धरून म्हटलं. तरी ती फिरलीच. सुई टोचली, रक्ताचा एक थेंब अस्तराला लागला. "बघ, भोग आता," म्हणून मी तिच्या पाठीत एक चापटही दिली.

३

पहिला रविवार ठीक गेला. भिंगरी फिरली, टेपमध्ये अडकली, खिदळली.

दुसऱ्या रविवारी कोट झटकायला घेतला तर बाह्यांची दुमड उसवलेली. ओरबाडून नाही, एकेक टाका नीट कापून. उसवलेला दोरा टाचणीला गुंडाळून खिशात ठेवला होता.

"हे कुणी केलं?"

"मीच," भिंगरी म्हणाली. "आता लांब होत नाही."

कोट घातला तर खरंच बाही मनगटावर बरोबर. टेप लावली. हात दीड इंच वाढलेला. आठवड्यात दीड इंच! पोरगी आहे का वेल? मी मनात हसले. कापडी टेप ओढली जाते, जुनी झाली की खोटं बोलते, हे मला माहीत नाही होय? नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून पोलादी टेप काढली. ती ओढली जायचा प्रश्न नव्हता. आधी बिट्टीला मापलं, वहीशी तंतोतंत जुळलं. मग भिंगरीला पुन्हा मापलं. दीड इंच.

तिसऱ्या रविवारी खांद्यातली गादीही काढलेली दिसली. तशीच टाचणी, तसाच गुंडाळलेला दोरा.

मी तिला भिंतीला टेकवून उभी केली. दोन्ही खांद्यांपाशी खडूने खुणा केल्या. तिला बाजूला केलं आणि खुणांमधला फरक मोजला. डावी खूण पाऊण इंच खाली.

वही बंद केल्यावर माझ्या लक्षात आलं की इतका वेळ टेप लावली, खुणा केल्या, आणि भिंगरी जागची हललीसुद्धा नव्हती. हात पसरून उभी होती. पापणी लवली नसती तर पुतळाच म्हटला असता.

"आज गिरकी नाही?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली.

४

नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता हसला.

"अगं, पोरं वाढतात. तू एक सगळ्यांना शिवणीत मोजत बसतेस."

"खांदा एका बाजूने वाढतो का रे? आणि तो पण बरोबर पाऊण इंच, त्या कोटाएवढाच?"

"दप्तराचं ओझं. सगळ्या पोरांचं तेच आहे."

त्याला दोष तरी काय देणार. दोन वर्षांनी पोरींना डोळ्यांनी बघत होता. फोनच्या काचेत खांदे दिसतात का? माझ्या शब्दाखेरीज त्याच्याकडे काही नव्हतं आणि माझा शब्द मलाच वेडगळ वाटत होता. चेहरा भिंगरीचाच होता. हनुवटीखालचा तीळ जागच्या जागी. आवाज तिचा. दवाखान्यात नेलं, डॉक्टरने पाठ तपासली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मुलगी उत्तम आहे, पोहायला पाठवा, असं नवऱ्यामार्फत सांगितलं. म्हणजे डॉक्टर, नवरा, आरसा सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला.

त्याच संध्याकाळी भिंगरी चित्र काढत बसली होती. पेन्सिल उजव्या हातात.

मी बराच वेळ बोळात उभी राहून बघत होते. शेवटी म्हटलं, "डावा दुखतोय का बाळा?"

तिने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे पेन्सिल डाव्या हातात घेतली. पुढची रेघ वेडीवाकडी गेली.

कोट मी लपवून ठेवला, पलंगाखालच्या बॅगेत. दुसऱ्या सकाळी तो तिच्या अंगावर होता. तिसऱ्यांदा लपवला तेव्हा ती माझी समजूत घालत म्हणाली, "आई, आता घातला काय आणि नाही काय." आणि तिनेच तो उतरवून कपाटात नेऊन टांगला. दार उचलून धरून नीट लावलं. तिला आधी ते दार कधीच लावता येत नव्हतं.

५

माझी सुयांची डबी हरवली. पत्र्याची, आत सुया, दोऱ्याची दोन रिळं आणि बिनटोकाची छोटी कात्री. सगळं घर पालथं घातलं.

"बिट्टे, डबी घेतलीस का?"

बिट्टी भिंतीकडे तोंड करून बसली. "दिली."

"कुणाला दिली?"

तिने मान वळवून ताईकडे पाहिलं. ताई पलंगावर सरळ बसून पुस्तक वाचत होती. त्या दिवसापासून ती ताईच्या खोलीत झोपेना, माझ्या कुशीत शिरायची. आणि दिवसा मात्र त्या कपाटापुढे फरशीवर पालथी पडून खेळायची. दाराखालच्या फटीतून काहीबाही आत सारायची. रंगीत खडू, बिस्किटाचे तुकडे, केसांची पिन. मी ओरडले की उठायची, पाठ वळली की पुन्हा तिथेच.

एका दुपारी नवरा कामावर, दोघी पोरी खाली अंगणात. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. बिट्टी घसरगुंडीवर, थोरली बाकावर हात मांडीवर ठेवून. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि कपाटातून आवाज आला.

सर्र. थोडं थांबून पुन्हा, सर्र.

मी कपड्याची माणूस. कापडाचा आवाज मला कळतो. सुती कापडाचा घेर लाकडाला घासून गोल फिरला की असा आवाज येतो. उंदीर नव्हे, पाण्याचा नळ नव्हे. सर्र.

जायचा धीर होत नव्हता. तरी गेले. दार उचललं, ओढलं. आत खुंटीला कोट होता, बाकी काही नाही. कोट हलत नव्हता. मी डोकं आत घातलं. आतल्या तिन्ही फळ्यांवर, साधारण लहान मुलीच्या गुडघ्याच्या उंचीला, रंग घासून गेला होता. एक पट्टा, तिन्ही बाजूंनी सलग, लाकूड गुळगुळीत झालेलं. तो एका उन्हाळ्यात होणारा प्रकार नव्हता.

खाली कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचा एक तुकडा पडला होता. तो मी उचलला. उंबऱ्यावरून कसला तरी श्वास हाताला लागल्यासारखा वाटला आणि मी दार लावून टाकलं. धाडकन लावलं, उचलायचं भान नव्हतं, तरी ते लागलं.

त्या क्षणी मी आत हाक मारायला हवी होती. नुसतं "भिंगरे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझी मुलगी खाली बाकावर बसलेली मला दिसत होती ना. डोळ्यांना खोटं कसं पाडणार?

६

तीन महिने ठरले होते, दोनच काढले. घरी गेलं, रोजची शाळा सुरू झाली, की सगळं ठिकाणावर येईल असं मी स्वतःला बजावत होते. नवरा नाराज झाला, पण माझं वजन उतरलेलं त्यालाही दिसत होतं. त्याचं काम संपायला अजून वर्ष होतं, तो तिथेच राहणार होता.

सामान भरताना भिंगरीचा पिवळा फ्रॉक मिळेना. बिट्टीचा होता.

"जाऊ दे, दुसरा शिव," नवरा म्हणाला. टॅक्सी येऊन उभी होती.

केअरटेकर बाई पायरीवर आली. बिट्टीकडे तिने पाहिलंही नाही. थोरलीपुढे वाकली, तिची कॉलर सारखी केली, आणि डावा खांदा तळहाताने हलकेच खाली दाबला. ओळखीच्या, आपल्या हाताखाली वाढलेल्या पोराला निरोप देताना करतो ना आपण, तसं. थोरली त्या बाईच्या भाषेत काहीतरी म्हणाली. लांबलचक वाक्य, न अडखळता.

"बघ, पोरं किती पटकन उचलतात," नवरा कौतुकाने म्हणाला.

गाडी हलली. बिट्टी मागच्या काचेला नाक लावून बसली होती. ती एकदम हात हलवायला लागली, वर, तिसऱ्या मजल्याकडे. मी वळून पाहिलं. पोरींच्या खोलीची खिडकी. काचेमागे काहीतरी पिवळं होतं. गरकन फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग काचेवर दोन तळवे टेकले. इतकं लांबून तळवे कसे दिसतील? ऊन पडलं असेल काचेवर. पडदा असेल.

पडदे राखाडी होते. हे मला माहीत होतं. गाडीत त्या क्षणीही माहीत होतं. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून "थांबव" म्हणायचं होतं. तेवढ्यात माझ्या हातात एक हात आला, गार, अगदी स्थिर.

"आई, उशीर होईल," ती म्हणाली.

मी गाडी थांबवली नाही. आता कुणापुढेही कबूल करते, नाही थांबवली.

७

घरी येऊन दोन महिने झाले. थोरलीचं शाळेत कौतुक होतंय. बाई म्हणाल्या, "काय जादू केलीत हो? पूर्वी एका जागी बसत नव्हती." अक्षर सुधारलंय. उजव्या हाताने लिहिते. गणवेश निघायच्या आधीच शिवून ठेवला होता, तो डावीकडे लोंबायला लागला. मी तो उसवून तिच्या खांद्याला बसवून दिला. शिवताना रडले, पण शिवला. पोर उघडी का ठेवायची आहे?

आज रविवार. सकाळी नवऱ्याचा फोन आला.

"अगं, तो पिवळा फ्रॉक सापडला. त्या कपाटातच होता, खुंटीला. आणि कोट मात्र गायब. तू नेलास का?"

"नाही." मी म्हटलं, "फ्रॉक उलटा कर. खालच्या दुमडीचा फोटो पाठव."

"आता त्यात काय बघायचंय?"

"पाठव म्हणते ना!"

फोटो आला. मी बोटांनी मोठा केला. मी घातलेली तीन बोटांची दुमड उसवलेली होती. एक बोट कापड सोडलं होतं आणि उरलेलं पुन्हा दुमडून शिवलं होतं. पिवळा दोरा, माझ्या डबीतला. टाके उलट्या बाजूला कलणारे. दर चौथा लांब.

ती तिथे आहे. आणि वाढतेय. फ्रॉक आखूड झाला म्हणून माझ्या पोरीने शिकवल्यासारखी दुमड सोडली, एकटीने, त्या फळ्यांमध्ये. मला तो कोट आठवला. तीनदा सोडलेली माया, कच्च्या हाताचे टाके, आणि आत काही न उरलेलं कापड.

"ऐकतोयस ना?" मी म्हटलं. "फ्रॉक होता तिथेच टांग. कपाटाचं दार लावू नकोस, अजिबात लावू नकोस. आणि आत थोडं कापड ठेव. तुझा शर्ट फाड, चादर फाड, काहीही ठेव. मी निघाले, मिळेल त्या विमानाने येते."

"वेड लागलंय का तुला?" तो घाबरून म्हणाला. "बरं, थांब, दार उघडंच ठेवतो." त्याच्या पावलांचा आवाज आला. "मी मघाशी उघडंच ठेवलं होतं गं. हे लागलं कधी? आणि आता उघडत नाहीये."

"उचलून धर!"

"उचलतोच आहे."

फोनमधून, त्याच्या धापांच्या मागे, मला स्पष्ट ऐकू आलं. सर्र. मी जिवाच्या आकांताने हाक मारली, "भिंगरेऽ!" आवाज थांबला. ऐकल्यासारखा थांबला. आणि मग फोनच कटला. तेव्हापासून लागत नाहीये.

मी वळले तर दारात थोरली उभी. हातात टेप आणि वही. तिच्या मागे बिट्टी, पिवळ्या फ्रॉकमध्ये, भिंतीला चिकटून.

"आई, आज रविवार. मापं घ्यायची ना?"

ती येऊन माझ्यापुढे उभी राहिली, हात पसरून. तीही कुणाची तरी पोर असेल. तिला किती वर्षांनी कुणी मापत असेल, हाही विचार माझ्या मनात आला आणि मला माझीच भीती वाटली. मी टेप लावली. ती हलली नाही. डावा खांदा पाऊण इंच खाली. भिंगरीच्या पानावर मी काही लिहिलं नाही. तिथे नुसती नोंद केली, दुमड, अजून दोन बोटं.